आक्रमक खेळासाठी रॅकेट कशी निवडावी?

गेल्या चतुर्थीच्या सुट्टीनंतर नववीतील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. मामाने दिलेले व वर्षभर साठविलेले असे मिळून तिच्याजवळ २८०० रुपये होते. "सर, स्मॅश जोरात बसेल अशी रॅकेट सांगा," एवढीच तिची मागणी. घरची परिस्थिती मला ठाऊक होती. अशी खरेदी पुन्हा तीन-चार वर्षे तरी होणार नव्हती. म्हणून उभ्या उभ्या उत्तर न देता मी तिला दुसऱ्या दिवशी बोलाविले. तिला जे सांगितले, तेच येथे थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

उत्तर देण्यास मी कचरलो, याचे कारण माझ्याच कोपरात आहे. महाविद्यालयात असताना शिकवणीच्या पहिल्या कमाईतून मी एक रॅकेट विकत घेतली. दुकानदार म्हणाला, "आक्रमक खेळायचे ना? मग हीच न्या." ती डोक्याकडे जड, दांडीला कमालीची ताठ, आमच्या कोंकणीत सांगायचे तर अगदी 'घट', आणि गटिंग २८ पौंडांचे. पहिला आठवडा मी स्वतःला मोठा खेळाडू समजलो. तिसऱ्या आठवड्यात कोपराच्या बाहेरील बाजूस कळ येऊ लागली, आणि पुढे दोन महिने पाण्याची बादलीसुद्धा डाव्या हाताने उचलावी लागली. ती रॅकेट वाईट नव्हती; ती माझ्या हातासाठी नव्हती, इतकेच.

स्मॅशचा जोर येतो कोठून, हे आधी पाहू. शटलचे वजन नियमाप्रमाणे ४.७४ ते ५.५० ग्रॅम, म्हणजे एका पोस्टकार्डाशी तुलना करावी इतके. रॅकेट त्याच्या पंधरा-सोळा पट जड असतेच. इतक्या हलक्या वस्तूला वेग द्यावयाचा तर मारणाऱ्या वस्तूचे वजन आणखी दहा ग्रॅमांनी वाढवून फारसे साधत नाही. आघाताच्या क्षणी रॅकेटचे डोके किती वेगाने फिरत आहे, यावर जवळजवळ सारे अवलंबून असते. तो वेग कमरेच्या वळणातून निघतो, खांद्यातून पुढे सरकतो, कोपरापुढील हात आतल्या बाजूस वळतो तेव्हा वाढतो आणि अखेरच्या क्षणी बोटांनी मूठ आवळली की पूर्ण होतो.

मग डोक्याकडे जड रॅकेटची एवढी वाखाणणी का? घरातला हातोडा घ्या. एकदा लाकडी दांड्याला धरून हवेत फिरवा, आणि मग लोखंडी डोक्याला धरून फिरवा. वजन तेच, परंतु पहिल्या वेळी तो फिरविण्यास कष्ट पडतात, फिरू लागला की मात्र थांबत नाही. दुसऱ्या वेळी तो हलक्या काठीसारखा वाटेल तिकडे वळतो. डोक्याकडे जड रॅकेट ही पहिल्या प्रकारची. मागच्या रेषेजवळ, शटल उंचावरून खाली येत आहे, हात पूर्ण फिरविण्यास सवड आहे, अशा वेळी ती उत्तम साथ देते. पण आपल्या स्मॅशला प्रतिपक्षाने सपाट उत्तर दिले की तीच रॅकेट पोटासमोर आणण्यास अर्धा क्षण अधिक लागतो, आणि त्या अर्ध्या क्षणातच गुण जातो. दुहेरीत जाळ्याजवळ उभे राहणाऱ्याने तर तिच्या मोहात पडूच नये. तोही आक्रमकच असतो. फक्त त्याचे आक्रमण चपळाईचे असते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती ऐकून माझे विद्यार्थी चकित होतात. १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमधील सोका येथे आपल्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारून गिनीज विक्रम नोंदविला. (हे मापन सामन्यातले नव्हे, खास चाचणीतले.) त्याच्या हातातील योनेक्स नॅनोफ्लेअर ही रॅकेट डोक्याकडे हलकी ठेवलेल्या मालिकेतील होती! ज्याचा हात वेगवान आहे, त्याचे काम हलक्या डोक्यानेही भागते. आणि नंदू नाटेकरांचे काय? सांगलीत जन्मलेल्या या खेळाडूने १९५६ साली क्वालालंपूर येथे स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळविणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळविला, तो लाकडी चौकटीच्या रॅकेटींच्या काळात. त्या रॅकेटी आजच्यापेक्षा पुष्कळ जड. पावसाळ्यात त्या वाकू नयेत म्हणून चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवाव्या लागत.

आपल्या हातातील रॅकेटचा तोल घरीच मोजता येतो. ती आडवी करून दांडीखाली बोट धरा आणि जेथे ती स्थिर राहील तेथपासून मुठीच्या टोकापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा. ढोबळ मानाने २८५ ते २९५ मिलिमीटर असेल तर तोल मध्यम, त्याहून अधिक असेल तर डोके जड, कमी असेल तर हलके. मुठीवर नवी ग्रिप गुंडाळली की तोल काही मिलिमीटर हाताकडे सरकतो. म्हणजे डोके जड वाटणारी रॅकेट एका ग्रिपच्या किमतीत थोडी सौम्य करता येते. नवी घेण्याची घाई नको.

वजन रॅकेटवरच लिहिलेले असते. योनेक्सच्या मोजणीत ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४. आकडा वाढला की वजन घटते, ही गोम ध्यानात ठेवावी. शाळेतील मुलांना ४यू पुरे. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या, डोके व दांडी यांच्यामध्ये जोड दिसणाऱ्या धातूच्या रॅकेटी अंगणात खेळण्यास ठीक. स्मॅशचा सराव त्यांवर करू नये.

दांडीविषयी गैरसमज फार. ताठ दांडी जोर देते, असे सर्रास म्हणतात. वस्तुतः ज्याचा हात अतिशय वेगाने फिरतो, त्यालाच ती वाकविता येते. मध्यम वेगाच्या हाताला थोडी लवचीक दांडी स्वतः वाकून व सरळ होऊन मदत करते. ताठ दांडी मात्र धक्का परत हाताकडे धाडते. गटिंगचेही तसेच. तारा जितक्या अधिक ओढाव्यात तितका ताबा वाढतो, पण उसळी कमी होते आणि तारांचा नेमका भाग लहान होतो; शटल जरा बाजूला लागले की हात झिणझिणतो. २० ते २३ पौंड हे शालेय खेळाडूस योग्य. मी २८ पौंडांचा हट्ट धरला होता, त्याचे फळ वर सांगितलेच आहे.

त्या मुलीला मी मैदानावर नेऊन तीन रॅकेटींनी वीस-वीस स्मॅश मारावयास लावले, तिचे डोळे मात्र किमतीच्या चिठ्ठीकडे जाऊ दिले नाहीत. डोक्याकडे जड रॅकेटने तिचे पहिले पाच स्मॅश सर्वांत जोरदार बसले, आणि शेवटचे पाच जाळ्यातच अडकले. मध्यम तोलाच्या ४यूने विसावाही पहिल्यासारखाच गेला. तिने तीच घेतली, २२ पौंडांवर गटिंग करून. उरलेल्या पैशांत बूट बसले नाहीत; त्यासाठी पुढच्या चतुर्थीला पुन्हा मामाकडे जावे लागेल, असे ती म्हणाली.