नवजात बाळाचा जंतुदोष आणि अंगभूत पेप्टाइडे

रक्तात शिरलेल्या जिवाणूंशी झुंजताना शरीराचा प्रतिकार अनावर होऊन त्याच्याच अवयवांना इजा करू लागतो, तेव्हा त्या अवस्थेला सेप्सिस म्हणजेच जंतुदोष म्हणतात. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळात तो काही तासांत जिवावर बेतू शकतो. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढत असल्याने संशोधकांचे लक्ष जिवाणूनाशक पेप्टाइडांकडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांकडे, गेले आहे. या साखळ्यांवर धन विद्युतभार असतो, तर जिवाणूच्या आवरणावर ऋण. त्यामुळे त्या तेथे चिकटून आवरणाला छिद्रे पाडतात आणि काही पेप्टाइडे जिवाणूंच्या विषालाही बांधून ठेवतात. १९८७ साली मायकेल झॅस्लॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या त्वचेत अशी पेप्टाइडे शोधली. माणसाच्या पांढऱ्या पेशींतही एलएल-३७ नावाचे पेप्टाइड असते.

तरीही औषध म्हणून ती अद्याप दूर आहेत, कारण रक्तातील विकरे त्यांचे लवकर तुकडे करतात आणि मोठ्या मात्रेत ती तांबड्या पेशींनाही फोडू शकतात. शेवटचा उपाय म्हणून वापरले जाणारे कोलिस्टिन हे जिवाणूंपासून मिळणारे पेप्टाइडच आहे, पण त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पचनानंतर अशी पेप्टाइडे देणारे गाईच्या दुधातील लॅक्टोफेरिन ब्रिटनमध्ये २,२०० अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या चाचणीत दिले गेले, परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत संसर्ग कमी झाल्याचे दिसले नाही.

निसर्गाने मात्र बाळाला ही पेप्टाइडे जन्मतःच दिलेली असतात. अंगावरच्या पांढऱ्या चिकट थरात ती आढळतात, म्हणून तो थर घासून काढू नये आणि बाळाला पहिले २४ तास आंघोळ घालू नये. आईचे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकून न देता जन्मानंतर तासाभरात पाजावे, आणि मध, गूळपाणी किंवा घुटी काहीही देऊ नये.

एवढे करूनही जंतुदोष झाला, तर वेळेवर दिलेले प्रतिजैविकच जीव वाचवते, आणि याचा भक्कम पुरावा महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याने जगाला दिला आहे. डॉ. अभय व राणी बंग यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांच्या घरोघरी तपासणीचा प्रयोग केला आणि त्यात गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रियांना जंतुदोष ओळखण्याचे व उपचाराचे प्रशिक्षण दिले. पालकांच्या संमतीने त्या जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि कोट्रायमॉक्झॅझोलचे औषध देत. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण उपचारांपूर्वी १६.६ टक्के होते, ते २.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष आधी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आणि पुढे विस्ताराने प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरातील आशाताईंच्या गृहभेटींना त्यांचाच आधार मिळाला. ज्या जिल्ह्याला मागास म्हणून नाव ठेवले जाते, त्याचे हे ऋण अभिमानाने सांगावे असे आहे.

लक्षणे घरच्यांनाही ओळखता येतात. आधी जोमाने चोखणारे बाळ चोखणे कमी करते किंवा थांबवते, रडणे क्षीण होते, ते मलूल पडते, पोट फुगते, बेंबीतून पू येतो, काखेतील तापमान ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली किंवा ९९च्या वर जाते. झबले वर करून, बाळ शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. ते ६० किंवा अधिक असतील, छाती खोल आत ओढली जात असेल किंवा बाळ कण्हत असेल, तर धोका आहे. यांपैकी एखादे जरी लक्षण दिसले, तरी अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालवता आशाताईंना बोलवावे आणि १०२ किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवावी. उपकेंद्रातील परिचारिका (एएनएम) जेंटामायसिनची पहिली मात्रा देऊन बाळाला पुढे पाठवू शकतात.

मात्र गडचिरोलीत पावसाळ्यात रुग्णवाहिका वेळेवर पोहोचेलच असे नाही; पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. म्हणून पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या गरोदर मातेने प्रसूतीच्या तारखेआधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात, म्हणजे गरोदर मातांसाठीच्या निवासात, मुक्कामास यावे, आणि प्रसूतीनंतरही घाईने गावी परतू नये.