घर व परसबागेतील उंदरांची ओळख

कन्हान नदीकाठच्या कामठी परिसरात धानाची मळणी होऊन माल घरी आला, की घरात व आवारात उंदरांचा उपद्रव वाढतो. अशा वेळी विष आणून कोपऱ्याकोपऱ्यांत टाकण्याची घाई केली जाते. परंतु प्रत्येक जातीची राहणी निराळी असल्याने उपद्रव कोणाचा हे न ओळखता केलेला उपाय बहुधा वाया जातो. शिवाय झिंक फॉस्फाईडसारखे तीव्र विष थोडे खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा सहसा घेत नाही. म्हणून प्रथम बीळ, लेंड्या व शेपटी या तीन खुणा पाहाव्यात.

१. घरउंदीर. हा सर्वांत लहान. वजन सुमारे १५ ते २० ग्रॅम, कान मोठे, लेंड्या तांदळाच्या कणीएवढ्या. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून तो आत शिरतो. तो थोड्या जागेत वावरतो व अनेक ठिकाणी थोडेथोडे कुरतडतो. म्हणून एक मोठा पिंजरा ठेवण्यापेक्षा भिंतीलगत अनेक लहान चाप लावावेत.

२. काळा उंदीर. नाव काळा असले, तरी रंग पुष्कळदा तपकिरी असतो. खरी खूण शेपटीची : ती डोके व धड यांच्या एकत्रित लांबीहून अधिक असते. लेंड्या सुमारे अर्धा इंच. हा चढण्यात पटाईत असून कवेलूंच्या छपरात व आढ्यावर राहतो. छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात व पिंजरे त्याच्या वाटेवर आढ्याजवळ ठेवावेत. नव्या वस्तूला तो बिचकतो. म्हणून पहिले दोनतीन दिवस पिंजरा आमिष घालून उघडाच ठेवावा.

३. घूस. शरीर जाड, केस राठ, शेपटी धडाहून आखूड. मोठी घूस एक किलोपर्यंतही भरते. कोठ्याच्या भिंतीखाली, तणसाच्या ढिगाजवळ व धुऱ्यावर ती बिळे करते आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसतो. लहान घूस बिळात धानाच्या लोंब्यांचा साठा करते. संध्याकाळी सर्व बिळे चिखलाने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली आढळतील, तीच वसतीची समजावीत.

चिचुंद्री उंदीर नव्हे. लांब टोकदार नाक, बारीक डोळे व उग्र वास यांवरून ती ओळखावी. तिचे मुख्य अन्न झुरळे व किडे हे आहे. पिंजऱ्यात सापडल्यास बाहेर सोडून द्यावी.

विष वापरताना. घरात शक्यतो चाप व पिंजरेच वापरावेत. आवारातील वसतीच्या बिळात प्रथम दोन दिवस तेल लावलेले साधे भरड धान्य द्यावे व तिसऱ्या दिवशी झिंक फॉस्फाईडचे आमिष बिळात खोल ठेवावे. या विषावर उतारा नाही. ते उघड्यावर ठेवू नये, हातमोजे घालावेत, मुले, गुरे व कोंबड्या दूर ठेवाव्यात आणि मेलेले उंदीर खोल पुरावेत.

प्रश्न केवळ धान्याचा नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदरांच्या अंगावर व गवतात राहणाऱ्या गोचिडासारख्या अतिसूक्ष्म जीवाच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात या तापाचे अनेक रुग्ण आढळले. म्हणून आवारातील गवत व अडगळ काढावी आणि ताप आल्यास विनाविलंब दवाखान्यात जावे.

मादी सुमारे तीन आठवड्यांत विते. एकाच घराने केलेला उपाय अल्पकाळच टिकतो, कारण शेजारचे उंदीर मोकळी जागा व्यापतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी बिळांची पाहणी एकाच दिवशी करवून घ्यावी व सर्व घरांत एकाच आठवड्यात मोहीम करावी. पोती भिंतीपासून हातभर दूर, ओट्यावर रचावीत. म्हणजे नवी खूण लगेच नजरेस पडेल.