भजनी मंडळ आणि गावाचे आरोग्य
दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. गावी उरतात वृद्धजन आणि त्यांचे एकटेपण. अशा वेळी सिरसाळ्यासारख्या गावी भजनी मंडळाचे मोल मोठे आहे. एकत्र गाताना श्वास दीर्घ होतो, मन हलके होते. शिवाय नेहमीचा टाळकरी न दिसल्यास त्याची विचारपूस होते. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडीत व रात्री कीर्तनातून स्वच्छता शिकवीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानेही ३,००० हून अधिक अभ्यासांच्या आधारे कलांचे आरोग्यमूल्य मान्य केले आहे. भजन औषधाची जागा घेणार नाही. परंतु ग्रामपंचायतीने जागा व दिवाबत्ती पुरविली, शिक्षकांनी पुढाकार घेतला आणि आरोग्यसेविका तेथे अधूनमधून आली, तर एकाकी वृद्धाचे दुखणे वेळीच ध्यानी येईल.