मासे-बटाट्याची गाडी : एक वस्तुपाठ

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह हेच विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु इतिहास जसा सिंहासनावर सापडतो, तसा तो ताटातही सापडतो. हे दाखविण्याकरिता आम्ही आज एका अगदी साध्या वस्तूची निवड केली आहे. ती वस्तू म्हणजे इंग्लंडातील खेडोपाडी फिरणारी मासे-बटाट्याची गाडी होय. बालमित्रहो, प्रत्यक्ष जाणे सर्वांस साधणारे नाही. तेव्हा आपण कल्पनेनेच तिच्यापाशी जाऊन उभे राहू.

ज्या खेड्यात या पदार्थाचे दुकान नाही, तेथे ही मोटारगाडी आठवड्यातील ठरलेल्या वारी सायंकाळी येते आणि गावच्या सभागृहाजवळ किंवा एखाद्या मोकळ्या जागी थांबते. गाडीच्या बाजूची झडप वर उचलली की आत तापलेल्या तेलाच्या खोल कढया दिसतात. बाहेर रांग लागते. तीत म्हातारी माणसे असतात, कामावरून परतणारे मजूर असतात आणि मुलेही असतात. जो आधी आला त्याला आधी मिळते. तेथे लहानथोर हा भेद नाही.

आता पाककृती पाहू. कॉड किंवा हॅडॉक या समुद्रातील माशाचा काटे काढलेला तुकडा घेतात. आपण भज्यांकरिता पीठ भिजवितो, त्याप्रमाणे गव्हाचे पीठ सैलसर भिजवून त्यात तो बुडवितात आणि सुमारे १८० अंश सेंटिग्रेड तापलेल्या तेलात सोडतात. पिठाचे कवच तत्काळ कडक होते. माशातील पाण्याची आत वाफ होते व त्या वाफेवर मासा मऊ शिजतो. शिवाय ही वाफ जोराने बाहेर पडत असल्यामुळे तेल आत फारसे शिरत नाही. तेल पुरेसे तापले नसेल तर मात्र पदार्थ तेलकट होतो. बटाट्याचे जाड लांबट काप याच रीतीने तळतात. वर मीठ व जवाच्या माल्टचा सिरका शिंपडला की पुडी तयार झाली. पूर्वी ही पुडी वर्तमानपत्राच्या कागदात बांधीत. आता स्वच्छतेच्या दृष्टीने कोरा कागद वापरतात.

हा इंग्रजांचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून जगभर ओळखला जातो. पण तो मुळात इंग्रजांचा होता काय? बटाटा हे दक्षिण अमेरिकेतील पीक. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात आणले. (आपला 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला आहे.) पिठात घोळून मासा तळण्याची रीत स्पेन व पोर्तुगाल येथील यहुदी लोकांची. शब्बाथ दिवशी चूल पेटवावयाची नाही, म्हणून शुक्रवारीच मासा तळून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी थंड खावा, असा त्यांचा प्रघात होता. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने या लोकांस देशाबाहेर घालविले. इंग्लंडनेही १२९० साली आपल्याकडील यहुद्यांस हाकलून दिले होते. १६५६ नंतर त्यांस तेथे पुन्हा राहता येऊ लागले, तेव्हा ही रीत त्यांजबरोबर लंडनमध्ये आली. पुढे १८६० च्या सुमारास लंडनच्या पूर्व भागात जोसेफ मॅलिन या यहुदी गृहस्थाने मासा व बटाटे एकत्र विकावयास आरंभ केला, असे सांगतात. लँकेशायरचे लोक हा मान आपल्या मॉस्ली गावच्या जॉन लीस यास देतात. तो वाद आपण सोडून देऊ. ज्यांस एकेकाळी दारातून घालवून दिले, त्यांच्याच चुलीवरचा पदार्थ आज त्या घराचा अभिमान होऊन बसला आहे, एवढे मात्र विसरू नये.

हा पदार्थ देशभर पसरला तो आगगाडी व वाफेवर चालणारी मासेमारी जहाजे यांच्या योगाने. समुद्रातील मासळी बर्फात घालून दूरच्या गिरण्यांच्या गावी ताजी पोहोचू लागली. दिवसभर गिरणीत राबून घरी येणाऱ्या स्त्रीस थोड्या पैशांत मुलांकरिता गरम अन्न मिळू लागले. तरी प्रतिष्ठित लोक तळणाच्या वासाने नाक मुरडीत व या धंद्यास हलका समजत. पुढे दुसरे महायुद्ध आले. १९४० पासून १९५४ पर्यंत त्या देशात लोणी, साखर, मांस असे जिन्नस शिधापत्रिकेवर मोजून मिळत. पण या पदार्थावर शिधापत्रिकेचे बंधन कधीच घातले गेले नाही. ज्याला हलका म्हटले, त्यानेच अडचणीच्या काळी लोकांस आधार दिला.

आता त्या पुडीची खरी किंमत पाहू. हल हे त्या काळी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील मोठे मासेमारी बंदर होते. तेथील जहाजे कॉडकरिता उत्तरेस आइसलंडच्या पलीकडील गोठविणाऱ्या समुद्रात जात. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सेंट रोमेनस, किंग्स्टन पेरिडॉट आणि रॉस क्लीव्हलँड ही तीन जहाजे थोड्याच दिवसांच्या अंतराने बुडाली व ५८ माणसे प्राणास मुकली. सेंट रोमेनसवर तर बिनतारी यंत्र चालविणारा स्वतंत्र मनुष्यही नव्हता. तेव्हा मासळीच्या कारखान्यात काम करणारी लिलियन बिलोका नावाची बाई पुढे आली. तिने खलाशांच्या बायकांस व मातांस एकत्र केले, हजारो सह्या जमविल्या आणि लंडनला जाऊन मंत्र्यांची भेट घेतली. प्रत्येक जहाजावर बिनतारी यंत्र चालविणारा असावा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. सरकारला सुधारणा मान्य कराव्या लागल्या व पुढे पुष्कळ खलाशांचे जीव वाचले. परंतु तिची स्वतःची नोकरी गेली. धमक्यांची पत्रेही तिला आली. परोपकाराचे वेतन पुष्कळदा असेच मिळते, आणि तरीही तो करणारे निघतात, हे जगाचे भाग्य समजावे.

विद्यार्थिमित्रहो, प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो. ती भाकर आकाशातून पडत नाही. देव ती माणसांच्या हातून देतो. त्या हातांपैकी कित्येक परक्यांचे असतात, कित्येक गरिबांचे असतात आणि कित्येक पुन्हा घरी न परतलेल्यांचे असतात. इंग्लंडातील त्या गाडीची जी कथा, तीच थोड्या फरकाने आपल्या बाजारातील कोळणीच्या टोपलीची आणि रस्त्यावरील भज्यांच्या गाडीची आहे. म्हणून आमची एवढीच सूचना आहे : या सुटीत आपल्या ताटातील कोणताही एक पदार्थ घ्यावा व तो कोठून आला, कोणाच्या हातून आला, हे आईवडिलांस विचारून वहीत लिहून काढावे. ज्याने हे एकदा लिहिले, तो पुढे अन्न टाकताना थबकेल, आणि ते आणून देणाऱ्याशी बोलताना त्याची वाणी आपोआप नम्र होईल.