म्हणींमधून ओळखूया तर्कातल्या चुका



पारावर, चहाच्या टपरीवर, घरी जेवताना आपण रोज काही ना काही मुद्दा मांडत असतो. ऐकायला तो पटतो, पण दिलेलं कारण आणि काढलेला निष्कर्ष यांचा सांधा जुळलेला नसतो. यालाच तर्कदोष म्हणतात. आपल्या न्यायशास्त्रात यासाठी 'हेत्वाभास' असा शब्द आहे आणि गौतमांच्या न्यायसूत्रांत त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. हेतू म्हणजे कारण. जे कारणासारखं भासतं पण खरं कारण नसतं, तो हेत्वाभास.

प्राथमिकच्या लेकरांना हे जड शब्द सांगायची गरज नाही. आपल्या म्हणी तेच काम सोप्या भाषेत करतात. मात्र काही म्हणी चूक दाखवून देतात, तर काही म्हणी आपल्याला चुकीकडे नेतात. दोन्ही ओळखता यायला हव्यात.

१) कावळा बसायला अन् फांदी मोडायला

एका गोष्टीनंतर दुसरी घडली, म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असं मानणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. पावसाळ्यात शेतात साप चावतो आणि कुणीतरी म्हणतं, "मांत्रिकाकडे न्या, आमच्या शेजाऱ्याला त्यानेच वाचवलं." आता विचार करा. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आहेत, पण तेही दरवेळी चावताना विष सोडतातच असं नाही. समजा दहा जणांना साप चावला आणि त्यातल्या सात जणांच्या अंगात विष गेलंच नाही. ते सातजण मांत्रिकाकडे गेले तरी वाचणार, घरी बसले तरी वाचणार. पण नाव मांत्रिकाचं होतं. उरलेल्या तिघांचा मात्र दवाखान्यात जायचा मोलाचा वेळ जातो. विषावर काम करणारं औषध म्हणजे प्रतिविषाचं इंजेक्शन, आणि ते दवाखान्यातच मिळतं. चावलेला साप विषारी होता की नाही हे आपल्याला कळत नाही, म्हणून दरवेळी दवाखानाच गाठायचा.

मुलांना विचारायचा प्रश्न: हे केलं नसतं, तर काय झालं असतं?

२) शितावरून भाताची परीक्षा

ही म्हण भाताला लागू पडते, कारण एका पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेली असतात. माणसं तशी नसतात. नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर क्लासचे बॅनर लागतात. हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो, खाली मार्क. ते बघून आपण म्हणतो, "तिथं घातलं की पोरगं डॉक्टर होतंच." बॅनरवर जे लागले त्यांचेच फोटो असतात. त्याच वर्गात बसलेले, तेवढीच फी भरलेले, पण नंबर न लागलेले किती, हे बॅनर सांगत नाही. क्लास वाईट आहे असं यातून सिद्ध होत नाही. पण शेत गहाण ठेवण्याआधी एकूण किती मुलं बसली होती, हे विचारायलाच हवं.

मुलांना विचारायचा प्रश्न: जे दिसत नाहीत, ते किती?

३) पाचामुखी परमेश्वर

पाच माणसं म्हणतात ते खरं, असं ही म्हण सांगते. इथे फार जपायला हवं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या काळात मोबाईलवरून फिरत होती. शेकडो लोकांनी ती ऐकलेली, म्हणून ती खरी वाटली. पण शंभर मोबाईलवर आलेला एकच मेसेज म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. तोंडं शंभर असली तरी डोळ्यांनी पाहिलेलं कुणीच नसतं.

मुलांना विचारायचा प्रश्न: स्वतः पाहिलं कुणी?

४) लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण

बाप तंबाखू मळता मळता मुलाला सांगतो, "तंबाखू खाऊ नको रे." मुलगा म्हणतो, "तुम्ही खाता की!" बापाचं वागणं चुकतंय, हे खरं. म्हणीचा टोमणा त्याला बरोबर बसतो. पण म्हणून तंबाखू चांगली ठरत नाही. बोलणारा कसा आहे आणि बोलणं खरं आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. याचीच दुसरी बाजू म्हणजे "कालचं पोर तू, मला शिकवतोस?" बोलणाऱ्याचं वय काढलं की मुद्दा बाजूलाच राहतो.

मुलांना विचारायचा प्रश्न: हेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर?

वर्गात कसं घ्यावं?

तिसरी-चौथीपासून हा उपक्रम घेता येतो. आठवड्यातून एकदा फळ्यावर एक वाक्य लिहा. उदा. "मांजर आडवं गेलं, म्हणून बस चुकली." मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने वरच्या चारपैकी कोणता प्रश्न इथे लागू पडतो ते सांगायचं आणि का ते पटवून द्यायचं. देगलूरच्या आसपास बऱ्याच लेकरांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. त्यांना घरच्या भाषेतली अशी म्हण आणायला सांगा, वर्गात मजा येते आणि ती मुलंही बोलती होतात.

एक गोष्ट मात्र मुलांच्या मनावर बिंबवा. कारण चुकीचं दिलं म्हणजे म्हणणं खोटंच असतं असं नाही. कधी कधी खरी गोष्टही लोक चुकीच्या कारणाने सांगतात. म्हणून समोरच्याला हरवण्यासाठी हे शिकायचं नाही. आणि पहिली परीक्षा आपल्या स्वतःच्या बोलण्याची घ्यायची.

पालकांना एकच विनंती. हे शिकलेलं लेकरू घरी येऊन तुम्हालाही "कशावरून?" असं विचारेल. त्याला उलट बोलणं समजू नका. जमलं तर कारण सांगा, नसेल माहीत तर "बघू या" म्हणा. आज घरात "कशावरून?" म्हणायची सवय लागलेलं लेकरू उद्या गर्दीतही हा प्रश्न विचारायला कचरणार नाही.