ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधील तेल व फिल्टर

इंजिनाचें तेल बदलण्याची वेळ आमचे बहुतेक शेतकरी बंधु चुकवीत नाहींत. तें तेल काळें पडलेलें डोळ्यांस दिसतें, आणि गांवचा मिस्त्रीही त्याची आठवण देतो. परंतु त्याच ट्रॅक्टरच्या मागील अंगास, बसण्याच्या जागेखालीं, त्याहून कितीतरी अधिक तेल भरलेलें असतें. त्याकडे वर्षानुवर्षें कोणी पाहात नाहीं. नांगर उचलेनासा झाला, किंवा उसाची भरलेली ट्रॉली उतारावर ब्रेकास दाद देईनाशी झाली, म्हणजे मग धांवाधांव होते. आणि ती वेळ बहुधा ऐन पेरणीची अगर तोडणीची असते. सबब ह्या तेलासंबंधीं चार गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, हायड्रोलिक लिफ्ट आणि तेलांत बुडालेले ब्रेक ह्या सर्वांस मिळून एकच तेल असतें. ही रचना जुनी आहे. हॅरी फर्ग्युसन ह्यांच्या पद्धतीचा जो ट्रॅक्टर १९३९ सालीं फोर्डच्या कारखान्यांतून निघाला, त्यांत लिफ्टचा पंप गिअरांच्याच तेलांत बसविलेला होता. एकाच तेलाकडून इतकीं कामें घ्यावयाचीं म्हणून त्याची निवड नाजूक होते. गिअरांस दाब सोसणारें हवें, पंपास सहज ओढतां येईल इतकें पातळ हवें, आणि ब्रेकांच्या तबकड्या त्यांत घसरूंही नयेत व करकरूंही नयेत. दुकानदारानें ‘गिअरचेंच आहे’ म्हणून पुढें केलेला ९० नंबरचा डबा अशा ट्रॅक्टरांत ओतूं नये. थंडीच्या सकाळीं तें जाड तेल पंपास ओढत नाहीं, आणि ब्रेक बिघडतात तें निराळेंच. कांहीं ट्रॅक्टरांत हायड्रोलिकचें तेल स्वतंत्र असतें. म्हणून ट्रॅक्टरबरोबर मिळालेलें पुस्तक आधीं वाचावें, व दुकानीं जातांना तें बरोबर न्यावें.

तेल मोजण्यासाठीं ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून लिफ्ट खालीं सोडावी, इंजिन बंद करावें आणि पाव तास थांबावें. मग पट्टी कोरड्या फडक्यानें पुसून पुन्हां पूर्ण आंत घालावी, व काढून पाहावी. ज्यांचे घरीं आपोआप गिअर बदलणारी मोटार आहे त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, तशा पुष्कळ मोटारींत हें माप इंजिन चालू ठेवून घेतात. तो नियम येथें लावूं नये. डंपिंग ट्रॉली जोडलेली असल्यास तीही खालीं असावी. वर उचललेल्या ट्रॉलीच्या सिलिंडरांत बरेंच तेल गेलेलें असतें. तेवढें कमी समजून भर घातली, तर ट्रॉली खालीं येतांच तें जास्त होतें.

मापापेक्षां रंग अधिक बोलतो. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें, तर थोडेंसें कांचेच्या बाटलींत घेऊन रात्रभर ठेवावें. नुसता हवेचा फेस असल्यास तो निघून जातो. रंग तसाच राहिला अगर तळाशीं पाणी बसलें, तर आंत पाणी शिरलें असें निश्चित समजावें. भाताच्या चिखलणींत अ‍ॅक्सलच्या झिजलेल्या सीलांतून किंवा गिअरच्या दांड्याच्या फाटलेल्या रबरांतून तें जातें. असें तेल ‘अजून चालतें’ म्हणून हंगाम काढणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. पाण्यानें बेअरिंगांस गंज चढतो, गंजाचे कण पंपांत जातात, आणि मग तेलाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो. मात्र पाण्याची वाट बंद केल्याशिवाय नवें तेल घालणें व्यर्थ होय. दुसरी एक वाट फारशी कोणाच्या लक्षांत येत नाहीं: एकच डंपिंग ट्रॉली चार घरचे ट्रॅक्टर ओढतात, आणि एकाचें घाण तेल तिच्या नळ्यांवाटे दुसऱ्याच्या पोटांत जातें. नळीचीं तोंडें जोडण्यापूर्वीं पुसावींत, हें तरी प्रत्येकास करतां येईल.

पुष्कळ कंपन्या सुमारें १००० तासांस तेल बदलण्यास सांगतात. पुस्तकांतील आंकडा निराळा असल्यास तोच प्रमाण मानावा. नव्या ट्रॅक्टराचा पहिला फिल्टर फार लवकर बदलावा लागतो, कारण नवे गिअर आरंभीं धातूचा चुरा सोडतात. काम करून आलेल्या ट्रॅक्टराचें तेल कोमट असतांना सोडावें, म्हणजे गाळ त्याबरोबर निघतो. चाकांस आधीं दगड लावावे. खालचीं बुचें बहुधा एकाहून अधिक असतात, तीं सर्व उघडावींत. लोहचुंबकाच्या बुचावर करडा, मऊ लेप आढळला तर भिऊं नये. तुकडे अगर कपच्या आढळल्या, तर तेल भरण्यापूर्वीं मिस्त्रीस दाखवाव्या. तारेची जाळी डिझेलमध्यें कुंच्यानें धुवून वाऱ्यावर सुकवावी. फडक्यानें पुसूं नये, कारण सुटलेले धागे पंपाकडे जातात. कागदी फिल्टर धुवून पुन्हां लावण्याची काटकसर खोटी आहे. तो नवाच घालावा, व त्याच्या रबरी कड्यास तेलाचें बोट लावून हातानें आंवळावा. कोणा ट्रॅक्टरास ३० लिटर लागतात, तर कोणास ५० च्याही वर. म्हणून पुस्तकांतील मापानें, स्वच्छ नरसाळ्यांतून भरावें. नंतर इंजिन सुरू करून लिफ्ट आठदहा वेळां वरखालीं करावी, बुचें गळतात काय तें पाहावें, आणि ट्रॅक्टर थांबवून पुन्हां पट्टी घालावी.

काढलेलें तेल बांधावर अगर विहिरीजवळ ओतूं नये. २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत मोडतें. तें रिकाम्या डब्यांत बंद करून परवानाधारक तेल शुद्ध करणाराकडे पोहोंचेल अशी व्यवस्था करावी. तेल बदलल्याची तारीख व मीटरवरील तास त्याच दिवशीं पुस्तकाच्या मागील पानावर लिहून ठेवावे.