एकाकी पौलाने काय मागितले?

शास्त्रपाठ : २ तीमथ्य ४:९-२२

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एकाकी माणसे पुष्कळ आहेत. मुलगे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईस गेले आणि म्हातारी आई घरी एकटी राहिली, असे घर बहुतेक गावांत आढळते. कोठे साऱ्या गावात एकच ख्रिस्ती कुटुंब असते. कोठे घर माणसांनी भरलेले असूनही मनातले बोलावयास कोणी नसते. अशा बंधुभगिनींना एकटेपणाच्या दुःखावर आणखी एक दुःख सोसावे लागते. प्रभु सोबत असताना आपणांस एकटे वाटते, त्या अर्थी आपला विश्वासच दुर्बल असला पाहिजे, असे त्यांस वाटू लागते. भेटीस आलेले लोकही कित्येकदा "प्रार्थना करीत जा, म्हणजे बरे वाटेल," एवढेच सांगून उठतात, आणि तो संशय अधिकच दृढ होतो. ह्या संशयाला शास्त्रात आधार आहे काय, हे आपण प्रस्तुत पाठावरून पाहू.

हे पत्र लिहिते वेळी पौल रोम येथे बंदिवासात आहे. आपला अंत जवळ आला हे तो ओळखून आहे (४:६). त्याच्याजवळ सोबतीस लूक मात्र राहिला आहे. देमास जगाच्या लोभाने थेस्सलनीकास निघून गेला. क्रेस्केस गलतियास व तीत दालमतियास गेला. तुखिकाला पौलाने स्वतःच इफिसास पाठविले. एरास्त करिंथात राहिला. त्रफिम आजारी पडल्यामुळे त्याला मिलेतात ठेवावे लागले. हे वृत्त नीट वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ह्या सर्वांपैकी जगाच्या लोभाने पौलाला सोडून गेला असे एका देमासाविषयीच म्हटले आहे. इतरांवर पौल तसा ठपका ठेवीत नाही. एकाकी मनाला मात्र ही निवड करणे कठीण जाते. जो आला नाही तो प्रत्येक जण आपणांस विसरला, असे त्याला वाटते. पौल ज्याचे कारण त्याच्या पदरी घालतो. आजाऱ्याला तो देमासाच्या पंक्तीस बसवीत नाही.

पहिल्या जबाबाच्या वेळी तर कोणीही त्याच्या बाजूस उभे राहिले नाही. ही गोष्ट तो लपवीत नाही. पण हा दोष त्यांच्याकडे मोजला जाऊ नये अशी इच्छा तो तेथेच व्यक्त करितो (४:१६). लगेच पुढच्या वचनात तो साक्ष देतो की, त्या वेळी प्रभु त्याच्याजवळ उभा राहिला व त्याने त्याला शक्ती दिली. ती शक्ती कशासाठी मिळाली हेही तेथे सांगितले आहे. पौलाकडून सुवार्तेची घोषणा पूर्ण व्हावी आणि ती परराष्ट्रीयांच्या कानी पडावी, हा तिचा हेतु होता. प्रभूने त्या दिवशी न्यायसभेत मित्रांची गर्दी आणून उभी केली नाही. परंतु एकट्या पडलेल्या सेवकाचे काम त्याने थांबू दिले नाही. हे पहिले सांत्वन होय.

आता ह्याच अध्यायातील पौलाची मागणी पाहा. तो तीमथ्याला म्हणतो की, होईल तितक्या लवकर निघून ये आणि येताना मार्काला घेऊन ये. त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा आण, पुस्तके आण, चर्मपत्रे तर विसरू नकोस. पुन्हा शेवटी तो हिवाळा लागण्याच्या आत येण्याविषयी विनवितो. त्या काळी हिवाळ्यात त्या समुद्रावरील वाहतूक बहुतेक बंद पडत असे, व उशीर झाल्यास वसंत ऋतूपर्यंत वाट पाहावी लागे. ज्याच्याजवळ प्रभु स्वतः उभा राहिला, त्याच पौलाला थंडी वाजते, मित्र हवासा वाटतो, वाचावयास काही असावे असे वाटते, आणि ते मागावयास त्याला लाज वाटत नाही. तेव्हा सोबतीची इच्छा धरणे हे अविश्वासाचे लक्षण कसे म्हणता येईल? मनुष्य एकटा असावा हे बरे नाही, असे देव बोलला, तेव्हा जगात पाप आलेही नव्हते (उत्पत्ति २:१८). आपला प्रभु पहाटे एकांती जाऊन प्रार्थना करीत असे. तरी गेथशेमाने बागेत त्यानेही तिघा शिष्यांना जागे राहावयास विनविले.

मार्काचे नावही विचार करण्यासारखे आहे. हाच मार्क एकदा पंफुलियात पौलाला सोडून परत गेला होता, आणि त्याच्यावरून पौल व बर्णबा ह्यांच्यात तीव्र मतभेद झाला होता (प्रेषित १५:३७-३९). आता पौल त्याला सेवेसाठी उपयोगी म्हणून बोलावितो. एकदा दुखावले म्हणून त्याने दार कायमचे लावून घेतले असते, तर ह्या वेळी बोलवावयास एक माणूस कमी झाला असता.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे चरित्र ह्या पाठाशी ताडून पाहण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. दुष्काळाच्या दिवसांत आईबाप व बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला, आणि १८८२ साली पतीही वारले. पदरी तान्ही मनोरमा राहिली. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुलींना व विधवांना आणून आश्रय दिला, आणि केडगावचे मुक्तिसदन शेकडो जणींचे घर झाले. १९२१ साली मनोरमाबाईही निवर्तल्या. त्या वेळी रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. ते दुःख लहान होते असे कोण म्हणेल? तरी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून चालविलेले मराठी पवित्र शास्त्राचे भाषांतर त्यांनी हातचे सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देहावसान होईपर्यंत त्या कामात त्या गुंतल्या होत्या. बंदिवासात चर्मपत्रे मागणाऱ्या पौलाची येथे आठवण होते.

प्रिय बंधुभगिनींनो, आपण एकाकी असाल तर पौलाप्रमाणे प्रभूपुढे आपले मन मोकळे करा, आणि माणसांपुढेही करा. मंडळीच्या वडिलांना निरोप पाठवा. "मला भेटावयास या," असे म्हणण्यात कमीपणा नाही. जे हाती होईल ते लहानसे काम धरा, मग ते शेजारच्या मुलाला वचन शिकविणे असो, की आजाऱ्यासाठी नित्य प्रार्थना करणे असो.

आणि मंडळीने अनेसिफराचा कित्ता गिरवावा. त्याने रोम शहरात पौलाचा शोध करून त्याला गाठले, व त्याच्या साखळीची लाज धरली नाही (१:१६-१७). शोध करावा लागला, कारण एकाकी माणूस सहसा वाटेवर भेटत नाही. उपासनेत ज्याची जागा दोन रविवार रिकामी दिसली, त्याच्या घरी तिसऱ्या रविवारची वाट न पाहता जावे. ज्याची दृष्टी मंद झाली त्याला एक अध्याय वाचून दाखवावा. ज्या आईचा मुलगा दूर आहे तिला त्याच्याशी फोनवर बोलणे करून द्यावे. थंडीत पांघरूण आहे की नाही हेही पाहावे, कारण पौलाने झगा मागितला होता.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. जे आपणांपासून दूर आहेत त्यांपैकी देमास कोण, आणि त्रफिमासारखे कोण?

२. ज्याने पूर्वी आपणांस दुखविले, अशा कोणा मार्काला पुन्हा बोलाविता येईल काय?

३. आपल्या गावात असे कोण आहे की ज्याच्याकडे ह्याच आठवड्यात, हिवाळ्यापूर्वी, गेले पाहिजे?